जळलेल्या बोर्डाची हार्ड डिस्क आणि राम मारुती रोडजवळचा जिन्याखालचा गाळा

ठाण्यात बंद पडलेल्या हार्ड डिस्कचा डेटा काढून देणारं कोणी विश्वासाचं आहे का, असं गेल्या दोन महिन्यांत मला चार जणांनी विचारलं. चौघांनाही फोनवर तेच तेच सांगून झालं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

दुकानाला नाव नाही. राम मारुती रोडवरून आतल्या एका गल्लीत वळलं की जुन्या तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली गाळा आहे. बाहेर पत्र्यावर हाताने रंगवलेलं, ‘लॅपटॉप, टीव्ही बोर्ड, इन्व्हर्टर दुरुस्ती’. बस्स. मालक पस्तिशीचा असेल. माझा फोन नंबर कुठे टाकू नका, असं त्याने मला स्पष्ट सांगितलंय, कारण आहेत तीच कामं एकट्याला उरकत नाहीत. त्यामुळे नंबर देत नाही. पण तो काम कसं करतो ते सविस्तर सांगते. तिथे गेलात तरी आणि दुसरीकडे गेलात तरी उपयोगी पडेल.

मी पाचपाखाडीत घरूनच डीटीपी करते. १९९८ पासून. सुरुवात पेजमेकर आणि श्रीलिपीच्या मराठी फॉन्टवर झाली, आता इनडिझाइनवर करते, पण जुनी गिऱ्हाइकं जुन्या फाइली घेऊन अजून येतात. दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका, काव्यसंग्रह, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल. २००९ पासूनचं सगळं काम एका २ टीबीच्या हार्ड डिस्कवर होतं. २०१४ पर्यंतच्या डीव्हीडी काढलेल्या होत्या. त्यानंतरचं फक्त तिथेच. हे चुकीचं होतं आणि ते मला माहीत होतं. दर वर्षी दिवाळीचं काम संपलं की दुसरी डिस्क आणायची असं ठरवायचे आणि राहून जायचं.

त्या डिस्कवर एक काम असं होतं की त्याच्यापुढे बाकीचं सगळं गेलं असतं तरी मी सोसलं असतं. नवी मुंबईतल्या एका गावचे निवृत्त शिक्षक, वय ७८, गेली पंधरा-सोळा वर्षं आगरी बोलीतले शब्द गोळा करताहेत. मिठागरावरचे, खाजणातले, मासेमारीचे, हळदीच्या गाण्यांतले. चिठ्ठ्यांवर लिहिलेले, बिस्किटाच्या पुड्याच्या मागच्या बाजूला लिहिलेले. त्यांची ३१२ पानं मी बसवली होती आणि चौथ्या प्रुफातल्या दुरुस्त्या नुकत्याच पूर्ण केल्या होत्या. दुरुस्त्या केलेली कागदी प्रुफं गुरुजी घेऊन गेले होते, पण त्यांच्या घरात पाणी शिरलं आणि तिसऱ्या-चौथ्या प्रुफाचे गठ्ठे भिजले. म्हणजे ती फाइल हीच एक प्रत.

जुलैतली संध्याकाळ. धो धो पाऊस, आणि सात वाजता लाइट गेले. इन्व्हर्टरही कुरकुरायला लागला म्हणून मी टेबलाखालचे सगळे प्लग काढून ठेवले. तासाभराने लाइट आले तेव्हा घाईत परत लावले. डिस्क ज्या बाहेरच्या डबीत बसवलेली होती तिला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. लॅपटॉपचा १९.५ व्होल्टचा. दोन्हींची पिन गोल, काळी, जवळजवळ सारखीच. लॅपटॉपची पिन मी डिस्कला लावली. घट्ट बसली, काही अडलं नाही. दिवा क्षणभर लागला आणि गेला. मला वाटलं पिन सैल आहे. काढून पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावल्यावर वास आला. प्लास्टिक जळल्यासारखा नाही, जरा उग्र, नाकात बसणारा. तेव्हा पिनेकडे पाहिलं.

बरोबर अडॅप्टर लावून पाहिला, काहीच नाही. आवाज नाही, दिवा नाही.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या, एसी लावलेल्या, काचेच्या दाराच्या ठिकाणी गेले. डेटा रिकव्हरीचंच काम करतात. काउंटरवरच्या मुलाने डिस्क हातात घेऊन कानाशी हलवली आणि म्हणाला, हेड क्रॅश आहे मॅडम, क्लीन रूममध्ये उघडावी लागेल. (हेड म्हणजे डिस्कच्या आतला वाचणारा भाग, आणि क्लीन रूम म्हणजे धूळ नसलेली खास खोली.) २८,००० रुपये, निम्मे आगाऊ, डेटा मिळण्याची गॅरंटी नाही. मी सांगितलं की चुकीचा अडॅप्टर लागला होता आणि जळका वास आला होता. त्याने ते फॉर्मवर लिहूनसुद्धा घेतलं नाही. मला पैशांपेक्षा ते जास्त लागलं. काय घडलं ते मी सांगत होते आणि ते ऐकायची त्याला गरजच वाटली नाही. डिस्क परत घेतली आणि निघाले.

वागळे इस्टेटमधल्या प्रेसवाल्यांकडे माझी पंधरा वर्षं ये-जा आहे. त्यांच्याकडे प्लेटा काढणाऱ्या मुलाने मला या गाळ्याचा पत्ता दिला. त्यांच्या मशीनचा एक बोर्ड इथेच दुरुस्त झाला होता.

तिथे गेले तर आधी दोघं बसलेले. एक टीव्हीचा बोर्ड घेऊन, एक लॅपटॉप घेऊन. अर्धा तास थांबावं लागलं. माझा नंबर आल्यावर त्याने डिस्कला हात लावायच्या आधी तीन प्रश्न विचारले. आवाज कसला आला? खट खट येतो का? आणि तिचा स्वतःचा अडॅप्टर आणि डबी आणलीय का? डबी माझ्या पिशवीत होती, अडॅप्टर घरी. म्हणाला, हरकत नाही, पण डबी फेकू नका. काही कंपन्यांच्या तयार बाहेरच्या डिस्क असतात, त्यांच्या डबीतलाच बोर्ड सगळा डेटा कुलूपबंद करून लिहितो. ती डबी टाकून दिली तर डिस्क धडधाकट असूनही आतलं वाचता येत नाही. माझी डबी साधी होती, वेगळी विकत घेतलेली, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. पण त्याने विचारलं.

मग म्हणाला, ‘मॅडम, हेड क्रॅश असेल तर डिस्क बहुतेक वेळा फिरते आणि आत खट खट करते. ही फिरतच नाही. म्हणजे आधी बोर्ड बघायचा. झाकण उघडायचं तर नावच काढायचं नाही.’

पुढची वीस मिनिटं मी काउंटरला टेकून उभी होते आणि त्याने सगळं माझ्यासमोर केलं, म्हणून नीट लिहिते.

डिस्कच्या पोटाला हिरवा बोर्ड असतो, चांदणीच्या आकाराच्या स्क्रूंनी बसवलेला. ते स्क्रू काढून त्याने बोर्ड उलटा केला. घरी आपल्याला बोर्डाची जी बाजू दिसते तिच्यावर फारसं काही नसतं, पार्ट सगळे आतल्या बाजूला. करंट आत येतो तिथे, कनेक्टरच्या जवळ, तुरीच्या डाळीएवढा एक काळा चौकोनी तुकडा होता. त्याला आडवी तडा गेलेली. तो टीव्हीएस डायोड. १२ व्होल्टच्या लाइनला एक असतो आणि ५ व्होल्टच्या लाइनला दुसरा. जास्त व्होल्टेज आलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि सगळा करंट जमिनीकडे वळवतो, म्हणजे पुढचे पार्ट वाचतात. स्वतः मरून बाकीच्यांना वाचवायलाच तो तिथे बसवलेला असतो. त्याने मीटर लावला, मीटर बीप करत राहिला, म्हणजे लाइन शॉर्ट.

‘एवढंच असेल तर नशीब,’ तो म्हणाला. डायोड शॉर्ट झालेला असला की तो काढून टाकला तरी डिस्क चालते. संरक्षण राहत नाही, पण डेटा उतरवून घेण्यापुरतं पुरतं. त्याने डायोड गरम करून चिमट्याने उचलला आणि परत मीटर लावला. बीप गेला नाही. मग भिंग घेतलं आणि मला पण दाखवलं. मोटर फिरवणाऱ्या आयसीच्या, म्हणजे चिपच्या, पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढा फोड आला होता, मधे बारीकसं भोक.

मी विचारलं, मी तीनदा लावली म्हणून झालं का? त्याने गोडगोड बोलून वेळ मारून नेली नाही. म्हणाला, पहिल्या वेळी डायोडने करंट अडवला असणार. पुन्हा पुन्हा लावल्यावर डायोडला तडा गेली आणि मग करंट पुढे आयसीपर्यंत पोचला असावा. पहिल्याच वेळी थांबला असतात तर कदाचित आत्ता पंधरा मिनिटांत काम झालं असतं. ऐकायला कठीण गेलं, पण खरं सांगितलं हे मला आवडलं. तुमच्यापैकी कोणाच्या हातून असं झालं तर एवढं लक्षात ठेवा, दिवा गेला की पिन काढायची आणि परत लावायची नाही.

त्यानंतर त्याने डिस्कच्या अंगावरचे मोटरचे पॉइंट मोजले. सगळ्यांत एक-दोन ओहमच्या आसपास, एकमेकांशी जुळणारे आकडे. म्हणजे मोटरची वायंडिंग ठीक. बोर्ड आणि डिस्क जिथे एकमेकांना टेकतात तिथल्या टिकल्या काळ्या पडल्या होत्या, त्या त्याने शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या. म्हणाला, कधी कधी डिस्क नीट न वाचण्याचं कारण एवढंच असतं.

मग निदान सांगितलं. बोर्ड गेला, बाकी बहुतेक ठीक. त्याच नंबरचा दुसरा बोर्ड शोधायचा, जुन्या बोर्डावरची एक चिप काढून नव्यावर बसवायची. आत हेडच्या तारांना जोडलेला एक छोटा पार्ट असतो, तोही जळला असेल तर माझ्याकडून होणार नाही, मग क्लीन रूमवाल्यांकडेच जावं लागेल, हे आधीच सांगितलं. तपासणीचे ३०० रुपये आत्ता, बोर्डाचे जे असतील ते, मजुरी आणि कॉपी मिळून ३,५००, आणि डेटा नाही निघाला तर मजुरी नाही. डेटा घ्यायला नवी डिस्क माझी मी आणायची.

आता त्या चिपबद्दल. इथेच लोक सर्वांत जास्त फसतात. माझ्या भाच्याने मला त्याच रात्री ऑनलाइन दाखवलं की सेम बोर्ड मिळतो, मागवू या, चार स्क्रू तर आहेत, मीच लावतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या डिस्कना बऱ्याचदा तसं चालायचं. आता चालत नाही. डिस्क कारखान्यात तयार झाली की तिची मोजमापं घेतात. आत हेड किती, त्यांतली कुठली चालू, कुठलं हेड किती करंटवर नीट वाचतं, ही त्या एका डिस्कची मापं असतात. तशाच दिसणाऱ्या, त्याच दिवशी तयार झालेल्या दुसऱ्या डिस्कची वेगळी. ही मापं बोर्डावरच्या आठ पायांच्या एका छोट्या चिपमध्ये लिहिलेली असतात. तिला रॉम म्हणतात. दुसऱ्याचा बोर्ड तसाच लावला तर त्याची रॉम दुसऱ्या डिस्कची मापं सांगते. मग डिस्क फिरते, पण खट खट करते, किंवा कॉम्प्युटरला दिसतच नाही, आणि त्या झटापटीत हेडला इजा होऊ शकते.

मला हे लगेच समजलं. माझ्या जुन्या श्रीलिपीच्या फाइली तशाच आहेत. मजकूर सगळा असतो, पण तोच फॉन्ट नसेल तर उघडल्यावर एक अक्षर वाचता येत नाही. मी त्याला तसं म्हटलं तर तो थांबला, म्हणाला, ‘हे मला आता गिऱ्हाइकांना सांगायला बरं झालं.’

बोर्ड जुळवायचा तो डिस्कच्या लेबलवरच्या मॉडेलवरून नाही, बोर्डावर छापलेल्या नंबरावरून. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कवर तो २०६० ने सुरू होतो. शिवाय मोठ्या आयसीवरचा नंबरही बघायचा. काही बोर्डांवर ती आठ पायांची चिप नसतेच, तिची जागा रिकामी दिसते, कारण मापं मोठ्या आयसीच्या पोटात असतात. मग नुसतं कावियाने काम होत नाही, ती वाचून दुसऱ्या बोर्डात भरायला वेगळी साधनं लागतात. माझ्या बोर्डावर चिप होती.

बोर्ड आणायला तो मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेला. शनिवारी फोन करतो म्हणाला होता. केला नाही. रविवार गेला, सोमवारी मी तीनदा केला, उचलला नाही. माझी अवस्था काय झाली असेल ते ज्याचं काम अडकलंय त्यालाच कळेल. गुरुजींना मी काही सांगितलं नव्हतं आणि त्यांचा रोज सकाळी फोन येत होता, पाचवं प्रूफ कधी बघायला मिळेल म्हणून. मंगळवारी स्वतःच जाऊन उभी राहिले. तेव्हा कळलं की पहिला आणलेला बोर्ड शेवटच्या आकड्यात वेगळा निघाला, तो परत देऊन दुसरा शोधायला वेळ गेला. काम बरोबर होतं, पण एवढं एका वाक्यात फोनवर सांगायला काय हरकत होती? हे मी त्याला तोंडावर म्हटलं. त्याने मान्य केलं. तरी तुम्ही जाल तेव्हा त्याच्या ‘करतो फोन’वर विसंबून राहू नका, स्वतः जा.

चिप बदलताना मी समोर होते. आधी त्याने जुन्या चिपला क्लिप लावून तिच्यातलं सगळं वाचून कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. दोनदा वाचलं, दोन्ही फाइली एकमेकींशी ताडून पाहिल्या, जुळल्यावर माझ्या पेन ड्राइव्हवर एक प्रत दिली. म्हणाला, चिप काढताना गेली तरी हे हातात राहील. मग आजूबाजूच्या पार्टवर पिवळी उष्णतेची टेप लावली, चिपच्या पायांना टिन नीट वितळावं म्हणून फ्लक्स लावला आणि गरम हवेची गन गोल गोल फिरवत राहिला. तीस-चाळीस सेकंद काहीच होत नाही. मग अचानक टिनाचा रंग बदलून चकचकीत होतो आणि चिप चिमट्याला येते. एवढीशी. माझ्या करंगळीच्या नखापेक्षा लहान. तिच्या एका कोपऱ्यात एक ठिपका असतो, तो बोर्डावरच्या खुणेशी जुळवून बसवायची, उलटी बसली तर संपलं. नव्या बोर्डावरची चिप त्याने आधीच काढून एका पुडीत ठेवली होती आणि पुडीवर पेनाने ‘नवीन बोर्डाची, लावायची नाही’ असं लिहिलं होतं. मी आयुष्यभर प्रुफांवर खुणा करत आले. हातातलं काम चुकू नये म्हणून चिठ्ठी लिहिणारा माणूस मला लगेच ओळखता येतो.

बोर्ड लावला, पॉवर दिली. आधी काही नाही. मग बारीक सूं असा आवाज चढत गेला, मधे दोन-तीनदा टिक टिक झालं आणि आवाज एका सुरात स्थिर झाला. त्याने हात वर करून मला बोलू नका अशी खूण केली. कान लावून दहा-पंधरा सेकंद ऐकलं. मग म्हणाला, ‘काकू, बसा.’ तोपर्यंत मी मॅडम होते.

डिस्क दिसायला लागली तरी त्याने एकही फोल्डर उघडला नाही. मी म्हटलं, दादा, एकदा ती आगरी शब्दांची फाइल उघडून बघा ना. नाही म्हणाला. आधी संपूर्ण कॉपी, मग बघायचं ते कॉपीत बघायचं. विंडोजला जोडायची नाही, कारण विंडोज आपणहून डिस्कवर काहीबाही लिहितं आणि नीट वाचता आली नाही तर फॉरमॅट करू का विचारतं. त्याने लिनक्सवर डीडीरेस्क्यू लावलं. हे डिस्कचा एकेक सेक्टर, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, नव्या डिस्कवर उतरवतं. जिथे अडेल तिथे रेटत बसत नाही, नोंद करून पुढे जातं, आणि सोपं सगळं घेऊन झाल्यावर राहिलेल्या जागांकडे परत येतं. मधेच लाइट गेले तरी त्या नोंदीवरून पुढे सुरू करता येतं. २ टीबीला साधारण सहा तास धरले होते, साडेनऊ लागले. रात्री शटर लावून तो आतच थांबला, हे मला दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेलरने सांगितलं.

सकाळी अकराला गेले. कॉपी झाली होती, अकरा ठिकाणं वाचता आली नव्हती, बाकी सगळं आलं होतं. आता उघडून दाखवा म्हटलं. त्याने एक जुनी मजकुराची फाइल उघडली आणि त्याचा चेहरा उतरला. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, मधेच एखादा स्वल्पविराम, काही अर्थ लागेना. ‘काकू, हे करप्ट झालंय वाटतं.’

मी जवळ जाऊन पाहिलं. अठ्ठावीस वर्षं मी ही अक्षरं दाबतेय. कुठली कळ दाबली की वेलांटी येते आणि कुठली दाबली की रफार, ते बोटांना पाठ आहे. पहिली ओळ तशीच वाचली. २०१२ च्या एका दिवाळी अंकाचं संपादकीय होतं. मी त्याला सांगितलं, हे बरोबर आहे, फॉन्ट तुमच्याकडे नाही एवढंच. त्याला खरं वाटेना. मग मी त्याला पहिली दोन वाक्यं स्क्रीनवरून वाचून दाखवली आणि त्याच फोल्डरमधली पीडीएफ उघडायला सांगितली. शब्दाला शब्द जुळला. तो खुर्चीत मागे टेकला आणि त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

मग गुरुजींची फाइल. तिची पीडीएफ होतीच. शेवटचं पान पाहिलं, पान ३१२. मधे ‘जिताडा’ पाहिला, ‘निवटी’ पाहिली, दोन्ही माशांची नावं. निवटीच्या नोंदीत गुरुजींनी चौथ्या प्रुफात तीन ओळी वाढवल्या होत्या, चिखलात ती कशी उड्या मारत जाते आणि पोरं तिला कशी पकडायची त्याच्या. त्या तीन ओळी तिथे होत्या. मी तिथेच गुरुजींना फोन लावला. नुसतं म्हटलं, परवा प्रूफ देते.

गेलं काय? २०१६ च्या एका स्मरणिकेचा स्कॅन केलेला मुखपृष्ठाचा फोटो आणि भाच्याच्या मुंजीचा एक व्हिडिओ अर्धा. बाकी १.३ टीबी सगळं.

बिल ५,४०० झालं. तपासणी ३००, बोर्ड १,६००, मजुरी ३,५००. बोर्डाची दुकानदाराने दिलेली चिठ्ठी त्याने न मागता दाखवली. त्याची स्वतःची पावती मात्र मागून घ्यावी लागली, छापील नाही, वहीच्या पानावर सही करून दिली. जुना बोर्ड, काढलेला डायोड आणि ती पुडीतली चिप परत दिली. जुनी डिस्क नव्या बोर्डासह देताना म्हणाला, ही आता वापरायची नाही, कपाटात ठेवा, नव्या बोर्डावर डायोड आहे, पण वय झालंय तिचं.

एक गोष्ट मला अजिबात आवडली नाही आणि ती सांगायलाच हवी. कॉपी तपासताना त्याचा मॉनिटर काउंटरकडे तोंड करून होता आणि मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. माझ्या फोल्डरांची नावं, त्यांत लोकांच्या पत्रिका, सोसायट्यांचे थकबाकीचे तक्ते, सगळं त्यांना दिसत होतं. माझ्याकडे लोक विश्वासाने मजकूर देतात. मी सांगितल्यावर त्याने लगेच मॉनिटर फिरवला आणि माझ्यासमोर स्वतःच्या मशीनवर काही उरलं नाही ना ते दाखवलं. पण सांगावं लागलं. तुमच्या डिस्कवर खाजगी काही असेल तर आत गेल्या गेल्या बोला.

जागा लहान आहे, बसायला एक स्टूल, पावसात जिन्यावरून पाणी ठिबकतं. कार्ड चालत नाही, फोनवरून पैसे चालतात. दुपारी दीड ते साडेचार बंद. आतून खट खट आवाज करणारी डिस्क असेल तर तो घेत नाही, परत पाठवतो, आणि पाठवताना चार्ज लावत नाही. पाण्यात पडलेली डिस्क सुकवून चालू करू नका, तशीच घेऊन या, असं माझ्यासमोर एका बाईंना फोनवर सांगत होता. एसएसडीचं, म्हणजे आत काही न फिरणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कचं, काम त्याच्याकडे होत नाही, तिच्यात हा सगळा प्रकारच वेगळा असतो.

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते टेबलाखाली बसून सगळ्या अडॅप्टरना रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. १२ व्होल्टला लाल, लॅपटॉपला निळी, राउटरला पिवळी, आणि ज्या यंत्राची जी पिन त्याच्या भोकाशेजारीही तोच रंग. दोन नव्या डिस्क आणल्या, एक घरी आणि एक वागळे इस्टेटमध्ये प्रेसवाल्यांच्या कपाटात. दर शनिवारी त्यांची अदलाबदल होते. गुरुजींनी पाचवं प्रूफ वाचून परत दिलंय, त्यात पुन्हा चाळीसेक नवे शब्द आहेत.

जायचं असेल तर ठाणे स्टेशनच्या पश्चिमेकडून चालत दहा-बारा मिनिटं. साडेअकराच्या आत पोचा, गर्दी कमी असते. डिस्कबरोबर तिची डबी आणि तिचा स्वतःचा अडॅप्टर न्या, आणि काय घडलं ते पहिल्यापासून जसंच्या तसं सांगा. तो ऐकून घेतो.